लिंबफाट्यावरची सरडीण

उद्या सकाळी स्वरदा आगारात जाऊन खरं लिहून देणार आहे, ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगी खरं बोलणार म्हणून आईला झोप लागत नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण ज्यांच्या घरात एकच पगार येतो आणि तोही अजून कायम झालेला नाही, त्या हसणार नाहीत.

स्वरदा माझी एकुलती मुलगी. एसटीत कंडक्टर आहे, पाथरी–सेलू गाडीवर. तिला साहेबांचं पत्र आलंय. फेरीच्या वेळेत गाडी सोडून खाली का उतरलात, गाडीला उशीर का झाला, याचा लेखी खुलासा करा. नोकरीला वर्ष पूर्ण व्हायला थोडे दिवस राहिलेत. या वर्षात एखादा शेरा बसला की कायम करायचं का नाही, हे साहेबांच्या हातात.

तिच्या गाडीचे ड्रायव्हर किशनराव. आमच्या ह्यांचे जुने स्नेही, मला वैनी म्हणतात. आज दुपारी मी त्यांना घरी बोलावलं आणि विचारलं, यातून मार्ग काय. ते म्हणाले, "वैनी, मी लिहितो ना, मागच्या टायरातून आवाज यायलता म्हणून गाडी उभी केली. पोरीनं बी तेच लिहावं. दोन कागद सारखे आले की मिटलं."

स्वरदा आगारात तिकिटांचा हिशेब देऊन मागून आली, तिला सांगितलं. तिनं ताट वाढून घेतलं आणि म्हणाली, "पण आई, मी टायर बघितलाच नाही."

"बघायचा नाहीच. लिहायचाय."

"मग सरडीचं कुठं लिहू?"

इथं माझं डोकं फिरलं. कारण हे सगळं त्या एका सरडीपायी झालंय.

आमचे हे आगारात कारकून होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. अनुकंपावर जागा मिळायला वर्षं गेली, आणि मिळाली ती कंडक्टरची. स्वरदा तोवर परभणीहून बी.एस्सी. झाली होती, प्राणिशास्त्र घेऊन. पुढं नांदेडला एम.एस्सी. करायचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, तूच ठरव. तिनं एका दिवसात ठरवलं. मला वाटलं होतं, मनातून कुढत राहील. पण पहिल्या आठवड्यातच येऊन म्हणाली, "आई, मागच्या दाराच्या खिडकीतून सगळी झाडं दिसतात."

ही अशी आहे. लहानपणीही तिला दळण आणायला पाठवलं तर पीठ यायचं, पण कुंपणावर काय बसलं होतं त्याची हकीकत आधी यायची. उंचीला बेताची, आवाज मात्र खणखणीत. खाकी शर्ट, घट्ट वेणी, खांद्यावर चामडी पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. गर्दीत कुणाच्या पायावर पाय न देता मागून पुढं जाते. सुटे पैसे नसले तर भांडत नाही. नाव लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी मागते. लोकांना आवडते ती. गाडीतल्या लोकांना, म्हणजे. लग्नाच्या लोकांना नाही. मागच्या उन्हाळ्यात जिंतूरकडचे लोक बघायला आले होते. मुलाच्या मावशीनं सहज विचारलं, छंद काय? हिनं मोबाइल काढून त्यांना सरड्याचे फोटो दाखवले. मावशींनी चहाही अर्धाच घेतला.

आता त्या सरड्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुंपणावर माना हलवत बसतो तो नेहमीचा सरडा नव्हे हा. इंग्रजीत शॅमेलिऑन, मराठी पुस्तकात सरडगुहिरा लिहिलंय. वीतभर लांब, दोन्हीकडून दाबल्यासारखा चपटा, डोक्यावर टोकदार टोपी घातल्यासारखं हाड. शेपूट जिलबीसारखी गुंडाळलेली असते आणि तिनं तो फांदी धरतो. बोटं चिमट्यासारखी जुळलेली, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन. डोळे तर बघवत नाहीत. कातडीचे दोन डोंगर, त्यांच्या शेंड्यावर मोहरीएवढं छिद्र, आणि दोन्ही दोन दिशांना फिरतात. एक डोळा माशीकडं, एक आपल्याकडं. स्वरदाला यात फार कौतुक वाटतं. "आई, त्याला मान वळवायलाच लागत नाही," म्हणते. मी म्हटलं, कंडक्टरला उपयोगी आहे.

तो चालतो म्हणजे एक पाय उचलतो, पुढंमागं डोलतो, मग विचार करून तो पाय टाकतो. वाऱ्यानं पान हलावं तसं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जीभ मात्र अंगापेक्षा लांब आणि इतकी झटक्यात की टोळ कधी गेला ते कळत नाही. शांत असला की हिरवा. घाबरला की काळपट पडतो, अंग फुगवतो, तोंड वासून फुसफुसतो. आमच्याकडं त्याला लोक विषारी समजतात आणि दिसला की ठेचतात. विष नसतं त्याला. हे मला आता पाठ झालंय, कारण पोळ्या लाटताना रोज ऐकलंय.

वर्षभर झाडावर राहणारा हा प्राणी. फक्त मादी तेवढी अंडी घालायला खाली उतरते, आणि तीच तिची सगळ्यात वाईट वेळ. जमिनीवर तिला पळता येत नाही.

दसऱ्यानंतरची गोष्ट. सेलूच्या रस्त्यावर एका ठिकाणी गावाकडं वाट फुटते, तिथं मोठा कडुलिंब आहे. सगळे लिंबफाटा म्हणतात. रस्ता रुंद करायचं काम निघालं, तेव्हा कडेला भुसभुशीत माती टाकलेली. सकाळच्या फेरीला स्वरदा दारात उभी होती. तिला त्या मातीत एक सरडीण दिसली, दोन्ही कुशी अंड्यांनी गच्च भरलेल्या, पुढच्या पायांनी खड्डा उकरत होती. परतीच्या गाडीला अजून उकरतच होती, अर्धी आत गेलेली. दुपारनंतरच्या फेरीला माती लोटून, थोपटून बुजवायचं चाललं होतं. संध्याकाळी गेली होती निघून.

"आणि परत येत नाही?" मी विचारलं.

"नाही. तिचं काम झालं. पिल्लं आपली आपण माती उकरून वर येतात आणि गवतावर चढतात. पहिल्या दिवसापासून आपली शिकार आपण करतात."

मला त्या सरडीचा हेवा वाटला, खरं सांगते.

"मग फुटणार कधी अंडी?"

"तेच नक्की नाही. एका पुस्तकात तीन महिने, एकात सहा-सात. माती, ऊन, ओल, सगळ्यावर आहे."

म्हणजे तोवर काय? तर अडचण अशी, की फाट्यावर गाडी थांबते ती नेमकी तिथंच. डावं चाक रस्त्याखाली उतरतं ते त्या मातीवर. स्वरदानं किशनरावांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती घंटी उशिरा द्यायला लागली. गाडी लिंबाच्या चांगली पुढं जाऊन थांबायची. लोकांना चालावं लागायचं. कुणी बोललं तर म्हणायची, "तिथं माती खचलीय, काका." हे अर्धं खरं होतं, तेवढं तिला चालतं.

पण जीपवाल्यांना कोण सांगणार? एक दिवस जीपच्या टायरचा वण खड्ड्याच्या अगदी जवळून गेलेला दिसला. मग तिनं परतीच्या फेरीला उतरून चार दगड गोळा केले आणि त्या जागेभोवती मांडले.

फाट्यावरून रोज धुरपताबाई चढतात. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, वांग्यांची पाटी घेऊन सेलूच्या बाजाराला जातात. त्यांना तिकीट माफ आहे, तरी शून्याचं तिकीट द्यावं लागतं. रोज म्हणतात, "फुकटाची चिठ्ठी कशाला फाडती माय, कागद वाया." त्यांना स्वरदानं अंड्यांचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दगडाला कोण भ्यायलंय? थांब, मी करते." आणि दुसऱ्या दिवशी चारी दगडांना शेंदूर.

स्वरदानं ते पाहिलं आणि काही बोलली नाही. घरी येऊन मात्र हसत सांगितलं. मीही हसले. काम तर झालं होतं. त्या दिवसापासून एकाही जीपचं चाक तिकडं गेलं नाही. ड्रायव्हर लोक जाता जाता हात जोडायला लागले.

पुढं काय होणार हे आपल्याकडच्या कुणाही माणसाला आधीच कळायला हवं होतं. आठ-पंधरा दिवसांत तिथं नारळ फुटला. मग अमावस्येला लिंबू. मग कुणीतरी सांगितलं, इथं जीप बंद पडली होती, नारळ बोलल्यावर चालू झाली. एक हिरवं लुगडं आलं. नारळाचं पाणी रोज त्या मातीत मुरायला लागलं आणि स्वरदाचा जीव खालीवर व्हायला लागला, जास्त ओल झाली की अंडी कुजतात म्हणून. मी म्हटलं, आता गप्प बस, देव झालाय तो. तर म्हणाली, "तेव्हाच बोलायला पाहिजे होतं आई. मी गप्प बसले म्हणून झाला."

संक्रांत होऊन गेली. मागच्या आठवड्यात सकाळची गाडी फाट्याजवळ आली, तर तिथं वाळूचा ढीग, विटा, सिमेंटची पोती. त्या गावचा बजरंग म्हणून एक जण आहे, पुढारपणाची हौस असलेला. तो आणि चार-पाच जण कुदळी घेऊन उभे. देवाला ओटा बांधायचा म्हणून वर्गणी गोळा केलेली.

पुढचं किशनरावांनी सांगितलं तसं लिहिते, कारण स्वरदा स्वतःबद्दल कधी नीट सांगत नाही.

तिनं एक घंटी मारली. गाडी थांबली, तोवर ही खाली. बजरंगनं कुदळ उचललेली.

"दादा, थांबा. इथं खोदू नका."

"का मॅडम? एसटीची जागा हाय का?"

"इथं देव नाही. सरडीची अंडी आहेत."

सगळे हसले. बजरंग म्हणाला, "मॅडम, तुमी तिकिटं फाडा. देवाचं आमी बघतो."

"दगड मीच ठेवलेत. चाक जाऊ नये म्हणून."

"आन् शेंदूर?"

इथं ती अडली. धुरपताबाईंचं नाव घ्यायला तयार नाही, आणि मी लावला असं खोटंही सांगवेना. गाडीतली माणसं खिडकीतून ओरडायला लागली. काही खाली उतरली. कुणी म्हणालं देवाला सरडीण म्हणती, कुणी म्हणालं गाडी सोडा आधी. किशनराव म्हणतात, "वैनी, मी हॉर्न वाजवून थकलो. पोरगी कुदळीसमोर उभी, हलंना."

शेवटी धुरपताबाई पाटी खाली ठेवून पुढं आल्या. "म्या लावला रे शेंदूर. घरातल्या हनुमंताचा उरलेला व्हता."

"आजे, मग आमी येवढे नारळ कुणाला फोडले?"

"सरडीला. बाळंतीण व्हती बिचारी."

मग मागून एक जण खो-खो हसला आणि बजरंगचा चेहरा पडला. वर्गणी गोळा केलेली, विटा आणलेल्या. परत कसं जाणार माणूस? धुरपताबाईंनाच सुचलं. "ओटा लिंबाखाली बांधा की. सावली हाय. बसायला तरी व्हईल."

"आन् देव?"

"दगडं उचला, तिकडं ठिवा. तुमी मानलं म्हंजी झालं."

आणि खरंच त्यांनी दगड उचलले, डोक्यावर घेऊन लिंबाखाली नेले, वाजतगाजत नाही पण अदबीनं. ओटा आता तिथं झालाय. अंड्यांची जागा उघडी पडली, पण गावाला माहीत झालंय. बजरंग स्वतः तिथं बाभळीचे काटे टाकून गेला, असं धुरपताबाई सांगतात.

सगळं नीट झालं म्हणायचं, एक सोडून. गाडी सेलूला पोचली तेव्हा रेल्वे निघून गेली होती. स्वरदाच्या गाडीत आमच्या पाथरीचे आडत दुकानवाले बन्सीधर होते, बायकोला घेऊन जालन्याला निघाले होते. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. तारीख हुकली. नवीन मिळाली ती पुढच्या महिन्यातली. त्यांनी तक्रार दिली.

मी स्वरदाला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुझ्या सरडीला दिसतं दोन्हीकडं, तुला एका बाजूचंही दिसत नाही. गाडीत माणसं बसलीत, त्यांना कुठंतरी पोचायचंय. ती म्हणाली, "ते माझं चुकलं. मी तसं लिहिणार आहे." हेच तर मला सहन होत नाही. चुकलं असं आपल्या हातानं लिहून कोण देतं? ह्यांनी एवढी वर्षं आगारात काढली. ते असते तर दोन ओळींत मिटवलं असतं.

टायरचं ऐकून ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, "आई, शेंदराला मी गप्प बसले. एवढंच केलं. तर तीन महिन्यांत त्याचा ओटा झाला. आता टायर लिहिला तर त्याचं काय होईल, ते निस्तरायला मी कुठं कुठं उतरू?"

मी म्हटलं, भाषण नको देऊ. भाजी घे.

तिच्या नकळत संध्याकाळी मी बन्सीधरांच्या दुकानात गेले. तक्रार मागं घ्या म्हणायला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. आत त्यांची बायको भिंतीला हात लावत लावत चालत होती, ते मला दिसलं. न दिसतं तर बरं झालं असतं.

बन्सीधर म्हणाले, "ताई, तुमची मुलगी चांगली आहे. रोज बघतो मी. तक्रारीत मी वाईट काही लिहिलेलं नाही. गाडी थांबली, बाई उतरल्या, आम्हाला उशीर झाला, एवढंच आहे. यात खोटं काय ते दाखवा, मी खोडतो."

मी हळूच म्हटलं, किशनराव म्हणत होते टायरचा काहीतरी आवाज येत होता.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "ताई, मी खिडकीत बसलो होतो. उद्या मलाही बोलावलंय आगारात. किशनरावांना सांगा, या वयात हे कागदावर आणू नका. उन्हाळ्यात निवृत्त व्हायलेत ना ते?"

चहा तसाच ठेवून आले मी. जिंतूरकडच्या त्या मावशींना नावं ठेवते आणि स्वतः तेच केलं.

आल्यापासून हेच चाललंय डोक्यात. स्वरदा तर सरडीचं लिहिणार, तिला मी आजवर कशातूनच हलवू शकलेले नाही. बन्सीधर जे पाहिलं ते सांगणार. आणि साहेबांसमोर एकटे किशनराव टायर घेऊन उभे राहणार, कुणासाठी, तर माझ्या शब्दासाठी. एवढी वर्षं गाडी चालवली, एक शेरा नाही त्यांच्यावर. मुलीची नोकरी वाचवायला मी त्यांचा शेवटचा कागद खराब करायला निघाले होते.

स्वरदा शेजारच्या खोलीत गाढ झोपलीय. तिचा खुलासा लिहून तयार आहे, टेबलावर उघडाच ठेवलाय, लपवायचं असं तिला काही नसतंच. मी तो वाचला. पानभर आहे. सरडीण कधी उतरली, दगड का मांडले, गाडी पुढं का थांबत होती, सगळं. शेवटी लिहिलंय की प्रवाशांची, विशेषतः बन्सीधर यांच्या पत्नीची गैरसोय झाली याला मी जबाबदार आहे. शेंदूर कुणी लावला ते लिहिलेलं नाही. साहेबांनी विचारल्यास ते सांगण्याची माझी इच्छा नाही, असं मात्र लिहिलंय. हे वाचून साहेब काय करतील, देव जाणे. मला अजूनही हा कागद फाडावासा वाटतोय. ही मुलगी इतकी कशी माझ्यासारखी नाही, आणि ह्यांच्यासारखीही नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

पण किशनरावांचं मला कळतंय. पहिली गाडी त्यांची असते, पहाटे लवकर उठतात. ते उठले की मी फोन करणार आहे. म्हणतील, "काय वैनी, इतक्या पहाटं?" टायरचं काढून टाका, झालं ते लिहा, एवढंच सांगायचंय. आणि गाडी आहे तशी लिंबाच्या पुढंच थांबवत चला, पिल्लं अजून निघालेली नाहीत, तेही सांगते.